भरवशाचं कार्ड कोणतं?

नवा कॅमेरा घेतला की माणूस पहिला फोन मला करतो. "भाऊ, मेमरी कार्ड कोणतं घेऊ? भरवशाचं सांगा." प्रश्न साधा, उत्तर दोन ओळींचं. पण माझ्या तोंडून ते दोन ओळींत कधी निघालंच नाही. अमरावतीत वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. कार्ड भरलं की रिकामं करता येतं, हे किस्से कुठे रिकामे करू? चहा येईपर्यंत एक होतो, चहा संपेपर्यंत दुसरा, आणि विचारायला आलेला बिचारा कार्डाचं नाव न ऐकताच घरी जातो.

आमचं टोळकं तिघांचं. एक मी. दुसरे दर्यापूरचे गजाननभाऊ, रोलच्या जमान्यापासूनचे फोटोग्राफर. तिसरे अकोल्याचे सलीमभाई, त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. घोळ आम्ही दोघं घालतो, निस्तरतात सलीमभाई.

*

सुरुवात माझ्याच अकलेपासून करतो.

एका मेळ्यातल्या स्टॉलवर एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड फारच स्वस्तात दिसलं. पॅकिंग चकचकीत, वर सोनेरी अक्षरं. सलीमभाईंना एकदा विचारावं असं मनात आलं होतं. पण ते नको म्हणतील ही भीती होती, म्हणून विचारलंच नाही!

दुसऱ्याच दिवशी दर्यापूरला एका बारशात ते लावलं. कॅमेरा सांगत होता भरपूर जागा आहे, म्हणून मीही एकेका नातेवाइकाचे दहा-दहा फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर सुरुवातीचे फोटो झकास आणि नंतरचे सगळे अर्धवट. वरची एक पट्टी दिसायची, खाली सपाट राखाडी. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि नेमकी आत्याच त्या राखाडीत बुडाली होती.

आत्याबाई स्वतः स्टुडिओत आल्या. फोटो हातात धरून म्हणाल्या, "नाव म्या ठेवलं, आन् फोटोत माह्यं नुसतं कपाळ?"

सलीमभाईंनी कार्ड तपासलं आणि शांतपणे परत दिलं. "कार्ड आठचंच हाय भाऊ. एकशे अठ्ठावीसचं फक्त स्टिकर हाय."

*

गजाननभाऊंची तऱ्हाच वेगळी. रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, ते गणित त्यांच्या बोटांत बसलेलं. मुलानं त्यांना चौसष्ट जीबीचं कार्ड आणून दिलं. भाऊंनी त्या कार्डावर एका साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, मोजून छत्तीस फोटो काढले आणि कॅमेरा बॅगेत भरला. मुलीचा मामा मागे लागला, आमचा एक राहिला म्हणून. भाऊ म्हणाले, "पैलेच सांगाचं ना राजेहो, रोल संपला."

बरं, हे कार्ड त्यांनी फार जपलं. इतकं जपलं की दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करताना कार्ड बाहेर काढून वेगळं पाटावर ठेवलं. खरं काम तेच करतं, तर मान त्याला वेगळा नको का! हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर दोन थेंब पाणी शिंपडलं, आणि भक्तिभावानं कॅमेऱ्यात घातलं. तेव्हापासून कॅमेरा कार्ड ओळखेना.

सलीमभाईंनी कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासून हळद काढली, कार्ड चालू झालं. परत देताना हात जोडून एवढंच म्हणाले, की भाऊ, पुढच्या दसऱ्याले याले नुसता लांबून नमस्कार करा.

*

त्या बारशानंतर मी एक नेम केला. कार्ड कुठूनही घ्यावं, आधी सलीमभाईंकडून पास करून आणावं. त्यांची परीक्षा सोपी आणि कंटाळवाणी. कॅमेरा स्टँडवर लावायचा, दुकानातल्या छताच्या पंख्यावर रोखायचा, आणि कार्ड काठोकाठ भरेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवायचा. मग तो सगळा व्हिडिओ बसून पाहायचा. पंखा शेवटपर्यंत फिरला तर कार्ड खरं.

एकदा असं पास झालेलं कार्ड मी त्यांच्याकडून घेतलं आणि तिथूनच अकोल्यातल्या एका लग्नाला गेलो. पुसायचं राहून गेलं. लग्नात कार्ड भरलेलं दिसलं तेव्हा घाईत थोडी जागा करायला शेवटच्या एक-दोन फायली उडवल्या, पहिल्या तशाच राहिल्या. लग्न लागलं, काही व्हिडिओ झाले, आणि वरपक्षाची हौस अशी की जेवणं होईतो ते हॉलच्या मोठ्या पडद्यावर दाखवा. मी कार्ड पडद्यावाल्याच्या हातात दिलं आणि पंगतीत बसलो.

पडद्यावर पंखा सुरू झाला. पाच मिनिटं झाली, सात झाली. दोनशे माणूस वरण-भात कालवत पंखा पाहत होतं आणि एकानंही हूं का चूं केलं नाही. लग्नात हल्ली काहीही दाखवतात, हेही काही तरी असेल असा सगळ्यांचा समज. मीही मान खाली घालून भात कालवत राहिलो.

शेजारी नवरदेवाचे काका बसले होते. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी मला विचारलं, "पंखा चांगला दिसून राह्यला. आहेरातला हाय का?"

*

आणखी एक. मधे मी एक छोटा हातातला कॅमेरा घेतला होता, त्याचं कार्ड नखाएवढं. नांदगाव खंडेश्वरच्या लग्नात ते भरलं, म्हणून काढून शर्टाच्या खिशात टाकलं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, रंगवलेल्या. कॅमेरा धरायला हात मोकळा हवा, म्हणून त्याही त्याच खिशात टाकल्या.

"सावधान" ऐकलं की मराठी माणसाचा हात आपोआप वर जातो. माझाही गेला. मूठभर ज्वारी आणि अख्खी हळद त्या नवरा-नवरीच्या डोक्यावर! हळद म्हणजे आदल्या दिवसाचा हळदीचा कार्यक्रम, तो त्या कार्डातच होता.

मी मांडवात गुडघ्यांवर रांगायला लागलो तेव्हा बायांना दया आली. त्यांनी मांडव झाडून सगळी ज्वारी गोळा केली, सुपं आणली आणि पाखडायला बसल्या. अर्ध्या तासानं एका मावशीनं चिमटीत काहीतरी धरलं, उन्हात नेऊन पाहिलं आणि फेकायला हात मागे नेला. "खडा हाय वाटते," म्हणाल्या. मी त्यांचा हात वरच्यावर धरला.

*

एवढ्या ठेचा खाल्ल्यावर मी सुधारलो. कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. पंख्याची परीक्षा पास झालेलं. दर लग्नाआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं. आता काही होत नाही, असं मी चारचौघांत सांगायलाही लागलो होतो.

चांदूर बाजारला संत्र्याच्या एका बागायतदाराकडे लग्न होतं. एकुलती एक मुलगी. सकाळीच नवरीची आई, शोभाताई, मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या घरची रीत अशी की मंगलाष्टकांपासून सप्तपदी होईपर्यंत मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. तिनं मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसायचं. पोरीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं नाही.

"आवाज तेवढा आयकू येईन मले," त्या म्हणाल्या. "तुमी नीट काढजा भाऊ. तुमी काढसान तेच मी पाहीन."

मी नीट काढलं. अंतरपाट, माळा, सप्तपदी, सगळं. कॅमेऱ्यात तेव्हा एकच कार्ड बसायचं, दुसरी प्रत कुठेच नव्हती. सप्तपदीनंतर फोटो पाहायला बटण दाबलं आणि कॅमेरा म्हणाला, कार्ड वाचता येत नाही. काढलं, पुसलं, घातलं, तेच. सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, आता त्याला हात लावू नका, माझ्याकडे आणा. फोटो निघाले तर निघतील, वचन देत नाही.

नवरीच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मले कायले सांगता? मी पाह्यलं. तिले सांगा."

शोभाताई अजून तुळशीपाशीच होत्या, हातात तांब्या. मी सांगितलं. खरं सांगतो, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ मांडवात गेल्या. व्याह्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "पोराले आन् पोरीले पुन्हा उभं करा. मले समोर बसाचं हाय."

सगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजी पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, लग्न तर मघाशीच लागलं. आता होईल ते फोटोपुरतं, आणि फोटोतलं लग्न आईनं पाहू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

मग काय! पंगतीतली माणसं उष्ट्या हातांनी उठून आली. दुसरं कार्ड घातलं. अंतरपाट धरला. शोभाताई पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या. नवरीला हार धरता येईना, ती आईकडेच पाहत होती. मलाही नीट दिसत नव्हतं, पण बटण दाबत राहिलो.

आठ दिवसांनी सलीमभाईंचा फोन आला. बिघडलेल्या कार्डातलं सगळं निघालं होतं, एकही फोटो न हरवता. मी इतका खूश झालो की तसाच चांदूर बाजारला गेलो. घरातली सगळी टीव्हीपुढे बसली. मी मोठ्या ऐटीत मुहूर्तावरचं, खरं लग्न लावलं.

शोभाताईंनी दोन मिनिटं पाहिलं. मग रिमोट माझ्याकडे सरकवला.

"हे राहू द्या भाऊ. ज्या लग्नात मी होती, ते लावा."