मुरुमची आई

मुरुम गावात वजीर शिंप्याला नावानं कुणी हाक मारत नसे. "आई कुठं हाय?" असं विचारलं की पोरंसोरंही त्याच्या मशीनकडं बोट दाखवायची. उरुसातल्या नाटकात आईचं काम त्याचंच. त्यानं पदर डोळ्याला लावला की हरणाबाईसारखी खमकी म्हातारीसुद्धा हुंदके द्यायची. त्या पदरापायी गड्यानं ऐन जवानीत मिशी उतरवली होती.

निजामाच्या अमदानीत, चाळीस साली, आमच्या गावचा उत्तरेश्वर हैदराबादेहून सुट्टीला आला, तो युनिव्हर्सिटीची नाटकमंडळी घेऊनच. नाटक जपानी, बोली उर्दू, गोष्ट घरगुती: म्हातारी आई आणि घर सोडून निघालेला मुलगा. आईचं काम खुद्द उत्तरेश्वराकडं होतं. वजीरकडं शिवायला आले ते फक्त नाटकातले जपानी झगे.

"माझ्या गावात दुसरी आई?" तो बायकोवर, सायराबीवर, डाफरला. "कालचं पोरगं त्ये!"

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तिथं एका गावात दोन आया कशा राहतील? जळफळाट असा की टाके वाकडे पडायचे आणि उसवून पुन्हा घालावे लागायचे.

झगा घेऊन तो तालमीला गेला. जपानी आई गुडघे मोडून टाचांवर बसते आणि मुलगा निघाला की उठून दारापर्यंत जाते. वजीरला त्या बैठकीचं काय कौतुक! तो रोज नमाजाला तसाच बसायचा. उत्तरेश्वर मात्र मांडी घालणाऱ्या घरातला. त्याच्या पायांना मुंग्या यायच्या, मग मधेच उठून तो पोटऱ्या चोळायचा आणि म्हणायचा, "प्रयोगात जमंल." अधूनमधून भार बदलावा लागतो, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. वजीरनं तोंड उघडलं नाही. पडू दे तोंडावर, असं मनात म्हणत घरी आला.

प्रयोगाला दिवेलागणीलाच त्यानं पुढची जागा धरली. मुलगा निघाला. उत्तरेश्वरानं उठायला हात टेकले, पण पाय कधीच गेले होते. तो अर्धा उठला आणि पुन्हा बसला. आता हशा पिकणार म्हणून वजीर पुढं सरकला. मुलगा दाराबाहेर गेला आणि आई जागेवरच राहिली, हात दाराकडं, तोंड कळांनी वेडंवाकडं.

हशा काही पिकला नाही. हरणाबाईनं हंबरडा फोडला, "अगं माय! लेकरू गेलं अन् हिला उठवंना गं!" सगळं मुरुम रडलं. एकटा वजीर कोरडा बसून जळत होता.

पुढच्या उरुसात वजीरचा नाटकातला लेक लढाईला निघाला. वजीरनं पदराला हातही लावला नाही. तो टाचांवर बसला. ज्याचे पाय जन्मात बधिर झाले नव्हते, तो हात टेकून धडपडला आणि पुन्हा बसला. लोक ढसाढसा रडले. गावाची आई परत मिळवल्याच्या आनंदात तो खाली उतरला.

हरणाबाई डोळे पुसत समोर आली. "वजीर, लई ग्वाड केलंस रं," ती म्हणाली. "अगदी उत्तरेश्वरावानी."

महिन्याभरात वजीरनं मिशी राखली.