लिनची परीक्षा आणि माझं दही

चिनी माणसाला परीक्षेच्या दिवशी सकाळी दही देऊ नये, असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. सांगायला हवं होतं. कुठे मास्क घालायचा, कुठे दीड मीटर लांब उभं राहायचं, घरी दिवसाला किती पाहुणे बोलवायचे, याच्या पाट्या चौकाचौकांत लावणाऱ्या देशात एवढी एकच सूचना राहून गेली आणि नेमका मी तिच्यात सापडलो.

मी मूळचा चिंचवडचा. तिथे बावीस वर्षं इंग्रजीचे क्लास घेतले. मग मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या कंपनीने अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलं आणि तिच्या मागोमाग मी 'अवलंबित जोडीदार' म्हणून तिथून जवळच्या डीमनला आलो. (गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, काउंटरवरच्या बाईंनी हे बिरुद मोठ्याने वाचून दाखवलं. मागे सहा माणसं रांगेत होती.) इथल्या शाळांना माझी गरज नव्हती. त्यात लॉकडाऊन लागला, मेधाने झुइडास या कचेऱ्यांच्या भागातलं अख्खं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये आणून मांडलं, आणि घरातसुद्धा माझी गरज उरली नाही. मी दर तासाला दार किलकिलं करून "चहा?" असं विचारायचो आणि ती हेडफोनवर हात ठेवून नुसते डोळे मोठे करायची.

एके दिवशी ती सुपरमार्केटच्या रांगेतून परत आली ती मला परस्पर दान करूनच.

"अरे माधव, समोरच्या स्टुडंट बिल्डिंगमध्ये एक चिनी मुलगी राहते. लिन नाव. तिला इंग्रजीची ती अ‍ॅडव्हान्स्ड लेव्हलची परीक्षा द्यायचीय. मी सांगितलं, माझा नवरा शिकवेल."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? तू घरीच असतोस!"

दुसऱ्या दिवसापासून लिन यायला लागली.

लिन चीनमधल्या चंग्दू शहराची, वय चोवीस. तिचं सगळंच त्या एका परीक्षेवर अडलेलं होतं. विद्यापीठाने मास्टर्सला प्रवेश दिला होता, पण पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत इंग्रजीचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर घरी जा, अशा अटीवर. परीक्षा केंद्रं बंद पडल्यामुळे तिची परीक्षा दोनदा रद्द झाली होती. आता शेवटची तारीख मिळाली होती, तीही घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची. हे सगळं तिने मला मान खाली घालून सांगितलं. मग वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाली, "लाओशी, सुरू करू या." (त्यांच्याकडे सरांना लाओशी म्हणतात. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत सांगतो आहे.)

दोन वर्षांनी मला कोणीतरी सर म्हणत होतं! मी असा काही पेटलो, की तीन दिवसांत जुना 'अपेक्षित प्रश्नसंच' नव्याने तयार केला. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. माझं बालपण, माझे आजोबा, माझा आवडता सण, तंत्रज्ञान शाप की वरदान. उत्तरं मीच लिहिली, आणि दुसऱ्या कोणाचं आयुष्य माझ्याकडे तयार नसल्यामुळे माझंच घातलं. उच्चार नीट यावेत म्हणून चाळीसही उत्तरं माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिली.

"जमेल तेवढं वाच," मी म्हणालो.

चिंचवडमध्ये 'जमेल तेवढं वाच' म्हटलं, की पोरं त्यातलं निम्मं वाचायची. लिनने आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस पाठ केली! मी विचारलं, "तुझ्या बालपणाबद्दल सांग." ती ताठ बसली आणि म्हणाली, "माझं बालपण चिंचवडमध्ये गेलं. माझे आजोबा खडकीच्या फॅक्टरीत फोरमन होते. दिवाळीत आम्ही पहाटे उटणं लावून अंघोळ करायचो." एवढं बोलून ती दोनदा खोकली.

"लिन, बरं नाही का?" मी घाबरून खुर्ची मागे ओढली. दिवसच तसे होते.

"बरी आहे, सर. रेकॉर्डिंगमध्ये या ठिकाणी तुम्ही दोनदा खोकता."

मी कपाळावर हात मारला. "अगं, चिंचवड माझं! तू तुझं गाव घाल!"

दुसऱ्या दिवशी तिचं बालपण चंग्दूमध्ये गेलं. खडकीची फॅक्टरी तशीच राहिली, उटणंही राहिलं, खोकला एकावर आला. मी चिडलो, समजावलं, हातवारे केले, "मनातलं बोल, मनातलं!" असं ओरडलो. तिने शांतपणे वहीत लिहून घेतलं: 'मनातलं बोल.' आणि तेही पाठ केलं. मेधा आतून ओरडली, "माधव, हळू! क्लायंटला वाटतंय मी घरी भांडतेय!"

परीक्षेला चार दिवस उरले आणि नवीनच भानगड निघाली. लिनच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक डच मुलगा ड्रम शिकत होता. (त्या वर्षी सगळा देशच काहीतरी शिकत होता.) आणि परीक्षेचे नियम तर असे, की ऐकूनच घाम फुटावा. खोलीत दुसरं कोणी दिसता कामा नये. दुसऱ्या कोणाचा आवाज आला, तर परीक्षा रद्द. ठरलेल्या दहा मिनिटांच्या सुट्टीशिवाय खुर्चीवरून उठलात, तर परीक्षा रद्द.

"आमच्या हॉलमध्ये दे परीक्षा," मी छाती पुढे काढून म्हणालो. मेधाने माझ्याकडे पाहिलं. तिने त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मी तयारीला लागलो. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, घड्याळातला सेल काढला, कुकरची शिट्टीसुद्धा काढून कपाटात ठेवली. आणि लिनच्या देखत शेवटचा हुकूम सोडला: परीक्षा चालू असताना संडासाचा फ्लश ओढायचा नाही, भिंत पातळ आहे.

"मग करायचं काय?" मेधाने विचारलं.

"संयम," मी म्हणालो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेआठला लिन आली, पांढरीफटक. मी काय करावं? माझ्या घरातून आजवर कोणीही दही-साखर खाल्ल्याशिवाय परीक्षेला गेलेलं नाही. दहावीला, बारावीला, ड्रायव्हिंग टेस्टला, झालंच तर मेधाच्या व्हिसा इंटरव्ह्यूलासुद्धा! आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम विरजण लावलं होतं. आता डीमनच्या त्या थंडीत दही कुठलं लागायला? सकाळी पाहिलं तर दह्याच्या वाटेला लागलेलं दूधच होतं. पण मुहूर्त टळत होता. मी दोन चमचे साखर घालून ढवळलं.

"हे काय आहे, सर?"

"आमच्याकडे परीक्षेआधी देतात. चांगलं असतं."

तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, मी खरं तर..."

"लाजू नकोस, घे!"

तिने चमचा घेतला. गिळताना डोळे मिटले. मला वाटलं, किती मनोभावे घेतेय पोरगी! माझा ऊर भरून आला.

"चमच्याने काय होतंय," मी म्हणालो, "वाटीभर घे. साडेतीन तासांची परीक्षा आहे."

मेधा म्हणाली, "माधव, अरे बास कर, तिला नको असेल."

"तू मध्ये पडू नकोस!"

लिनने वाटी संपवली. सरांनी दिलेली वाटी टाकायची कशी, हा तिच्या घरचा संस्कार. वाटी पुसून खायला लावायची, हा माझ्या घरचा.

परीक्षा सुरू झाली. मी आणि मेधा बेडरूममध्ये दार लावून पलंगावर बसलो. पहिला तास शांततेत गेला. मग हॉलमधून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. पुन्हा करकरली. मग एक लांब उसासा.

"विचार करतेय," मी कुजबुजलो.

मेधाने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरला. लिहिलं होतं, की बहुतेक चिनी लोकांना मोठेपणी दूध पचत नाही. मी ते दोनदा वाचलं. त्या मुलीचं वर्ष, तिचा प्रवेश, तिच्या आई-बापांनी धरलेली आशा, सगळं माझ्या एका वाटीत बुडालं होतं. आणि तिला उठता येत नव्हतं!

"दही पचत असेल," मी चाचरत म्हणालो.

"ते दही होतं?" मेधाने विचारलं.

आता खरी गंमत पुढे आहे. सकाळपासून धास्तीने मी चार कप चहा प्यायलो होतो आणि फ्लशबंदीचा हुकूम माझाच होता. अकराला सुट्टीची घंटा कॉम्प्युटरवर वाजली. तेवढ्या दहाच मिनिटांत आवाज करायची मुभा होती. मी कसलाही विचार न करता बेडरूममधून उडी मारली ती थेट संडासात. कडी लावतोय तोच दारावर धडाधड थापा!

"लाओशी! लाओशी!"

"एक मिनिट!"

"सर, एक मिनिट नाहीये!"

आमच्या डच घराला संडास एकच. आतून मी घाई करतोय आणि बाहेरून माझी विद्यार्थिनी दार बडवतेय. (घाईत माझ्याकडून काहीच लवकर होत नाही, हे मेधा वीस वर्षं सांगते आहे.) मी बाहेर आलो तेव्हा सहा मिनिटं उरली होती. लिन माझ्याकडे न बघता आत घुसली. मेधा हॉलच्या दारात फोनवरचं घड्याळ धरून उभी राहिली आणि ओरडू लागली, "तीन मिनिटं! दोन! लिन, एक मिनिट!" शेवटची वीस सेकंदं उरली असताना लिन बाहेर आली आणि खुर्चीवर जाऊन आदळली. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं, तर मी परत चिंचवडला चालत गेलो असतो.

मग तोंडी परीक्षा. समोर स्क्रीनवर परीक्षक बाई होत्या, त्यांचा आवाज आम्हाला दाराआडून स्वच्छ ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या आयुष्यावर ज्याचा परिणाम झाला, अशा एखाद्या व्यक्तीबद्दल बोला."

मी मूठ आवळली. आलं! प्रश्न सातवा, माझे आजोबा! खडकी, फॅक्टरी, एक खोकला, संपलं!

मग लिनचा आवाज आला. हा आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

"माझे एक सर आहेत," ती म्हणाली. "फार चांगले आहेत. आज त्यांनी मला जवळजवळ मारूनच टाकलं."

मेधाने उशी तोंडात कोंबली.

"मी दूध पीत नाही. आमच्या घरात कोणीच पीत नाही. आज सकाळी सरांनी मला वाटीभर दही दिलं. ते दही नव्हतं, ते सरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं."

"मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"सर इतके खूश होते! या देशात त्यांना काम नाही. ते स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालतात. मी आले की मात्र मोठ्याने बोलतात. आज वाटी घेऊन उभे होते, तेव्हा ते अगदी मोठ्या शाळेचे हेडमास्तर दिसत होते. मी कशी नाही म्हणू?"

मेधाने उशी बाजूला ठेवली. तिने माझा हात धरला. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उठून खिडकीपाशी गेलो. मला त्या मुलीची इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती.

"मग सुट्टीत काय केलंत?" परीक्षक बाईंचा आवाज आता थरथरत होता.

"सुट्टीत?" लिनचा आवाज चढला. "सुट्टीत संडासात सर होते!"

परीक्षक बाई हसल्या त्या चांगल्याच हसल्या. नियमाप्रमाणे तीन मिनिटं बोलायचं होतं. लिन अकरा मिनिटं बोलली. चहा, उटणं, संयम, फ्लश, काहीही सोडलं नाही. एकदाही खोकली नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. लिन धावत आमच्या दारात आली, दीड मीटर विसरून. पास! प्रवेश पक्का! लेखनात, म्हणजे जिथे तिने माझी उत्तरं शब्दशः उतरवली होती, तिथे कसेबसे पास होण्यापुरते गुण. बोलण्यात सर्वांत वरची श्रेणी. मेधाने तिला मिठी मारली. मी बाजूला उभा राहून घसा साफ केला.

"लिन," मी म्हणालो, "अकरा मिनिटं बोललीस माझ्याबद्दल. सगळं बोललीस. माझ्या शिकवण्याबद्दल काही बोललीस का?"

तिने मान खाली घातली. "सर, बोलणार होते. तिथपर्यंत येईतो वेळ संपली."

महत्त्वाचं असेल ते आधी बोलावं, बिनमहत्त्वाचं शेवटी ठेवावं, हे मी बावीस वर्षं प्रत्येक बॅचला सांगत आलो. माझं तेवढं एक शिकवणं मात्र तिने मनावर घेतलं होतं.