वाऱ्यातला आवाज

हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा चिकटवून काल पहिल्यांदाच बाइक घाटात नेली. दुकानदाराने बजावलं होतं, "काका, माइकवर हा स्पंज लावा, नाहीतर नुसता वाराच ऐकू येईल." स्पंज खिशातच राहिला.

आज घरी बसून ते चित्रण पाहिलं. काळा रस्ता, करवंदीच्या जाळ्या, वळणावर कलणारं आभाळ आणि सगळ्यावर वाऱ्याचा घोंगाट. एके ठिकाणी रस्ता उखडलेला दिसला आणि त्या वाऱ्यातून माझाच आवाज आला, "नीट धरून बस गं."

मागची सीट रिकामी होती. माझी बायको, सुमन, गेली त्याला वर्ष होऊन गेलं. असं काही बोलल्याचं मला आठवतही नाही.

ती मागे बसली की अखंड बोलायची. बहिणीचं, शेजारणीचं, स्वतःच्या मनातलंही. मी म्हणायचो, "वाऱ्यात काही ऐकू येत नाही." एकदा म्हणाली, "मागच्या ट्रकचा हॉर्न बरा ऐकू येतो तुम्हाला!" नंतर नंतर गप्पच बसायला लागली.

ऐकू यायचं. सगळं ऐकू यायचं. उत्तर द्यायचा कंटाळा होता, एवढंच.

तो तुकडा मी पुन्हा लावला. स्पंज नव्हता, बाइक वेगात होती, तरी शब्द न् शब्द स्पष्ट. "धरून बस" म्हटलं की ती "धरलंय हो" म्हणायची. चित्रणात त्यापुढे फक्त वारा आहे. तो मी शेवटपर्यंत ऐकला.