चार वावरं, एक नाव

माझी भाची पुण्यात वेबसाइटी बांधते. परवा फोनवर विचारत होती, नव्या कामाला कुठलं फ्रेमवर्क घेऊ? अमक्या बड्या कंपनीचं सगळे घेतात, मग मीही तेच घेते. 'सगळे घेतात' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे, आणि ते परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात घडलं. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षं होती आणि वेब वगैरे काही आमच्या गावीही नव्हतं.

मी पूर्णेची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी. औरंगाबादहून संगणकाची पदविका घेऊन कारखान्यात लागले, तेव्हा तिथे एकच संगणक होता आणि तोही धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलेला. मी तो उघडला आणि कोबोलमध्ये तोडीचा प्रोग्राम लिहिला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, तोडणी मजुरांची टोळी आधी कुठल्या शिवारात धाडायची, एवढंच त्याचं काम. पण हंगामात याच कामावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याला तुरा येतो, आतून तो पोकळ पडतो आणि वर्षाची मेहनत वजनात घटते.

आमच्याकडे भाऊ एकत्र राहत असले की सगळा ऊस थोरल्याच्या नावावर नोंदवायचे. वावरं चार, लागणीचे महिने वेगवेगळे, नाव मात्र एक. नोंदी वेगळ्या झाल्या तर गाव त्याचा एकच अर्थ काढायचं, घर फुटलं. म्हणून मी प्रोग्राम नावावर बांधलाच नाही, वावरावर बांधला. ज्या वावराची लागण आधी त्याची तोड आधी, नाव कुणाचं का असेना. शेतकी विभागातला एक कारकून माझ्या शेजारी बसून नोंदी भरायचा. प्रोग्राम कागदावर छापून मी त्याला एकेक ओळ समजावली होती. एकाच माणसाला कळणाऱ्या यंत्राचा मला तेव्हाही तिटकारा होता.

मग पुण्याची एक कंपनी आली. तिचा साहेब परभणीच्या उन्हात टाय लावून उतरला. नवा संगणक फुकट, खोलीला थंड हवेची मशीन फुकट, अट एकच. सगळं काम यापुढे कंपनीच्या पॅकेजवर चालायचं. संगणकाच्या मागे खोचायचं एक छोटं कुलूप त्याच्यासोबत होतं. ते काढलं की पॅकेज बंद. आतला प्रोग्राम कसा लिहिलाय ते दाखवणार का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला की त्याची आपल्याला गरज पडणार नाही, सगळे मोठे कारखाने हेच घेतायत.

मी त्याला राणीसावरगावच्या एका घराची नोंद भरायला दिली. चार भाऊ, चार वावरं, नाव थोरल्याचं. पॅकेजने पहिल्या वावराला तोड दिली आणि ते नाव यादीच्या तळाला टाकलं. एका नावाला एक तोड, मग बाकी सगळ्या नावांचं झाल्यावर दुसरी. उरलेली तीन वावरं पार उन्हाळ्यात गेली. साहेब म्हणाला, त्यात काय, चौघांची नावं वेगळी भरा. मी त्याला नोंद वेगळी करणं म्हणजे काय ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पॅकेज एका कारखान्यासाठी बदलत नसतं. पद्धत बदलावी लागते."

या वाक्याने मी जी पेटले ती आजतागायत विझलेले नाही.

पॅकेज घ्यावं अशी शिफारस संगणक विभागाने, म्हणजे मी, लिहून द्यायची होती. अध्यक्षांनी मला बैठकीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण नव्या मशीनची हौस त्यांच्या डोळ्यांत दिसत होती.

"बाई, सही करून टाका. बाकीचं आमी बघायलोत," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. संचालक हसले, एकाने बाईमाणसाला मशीनचा भारीच लळा लागलाय असा टोमणाही मारला. माझ्या सहीशिवाय ठराव झाला. गावोगाव निरोप गेले, नोंदी वेगळ्या करा.

आठवड्याभरात राणीसावरगावचा तो थोरला भाऊ माझ्या दारात उभा राहिला. पायताण बाहेर काढून, पटका हातात धरून. साहेबलोकांकडे न जाता तो माझ्याकडे आला होता.

"बाई, चौघांची नावं येगळी लिवा म्हनायलेत. मशीनीपायी आमी येगळं निघावं का?"

मला रडू यायचं बाकी होतं. लाज वाटली ती कारखान्याची, आणि संताप आला तो त्या टायवाल्याचा, ज्याला हे घर कधी दिसणारच नव्हतं. मी म्हटलं, "बिलकुल नाही. नाव एकच राहील."

मी जुना संगणक पुन्हा सुरू केला. माझ्या प्रोग्रामवर तोडीची यादी काढली आणि शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. टोळ्या याच यादीने जातील, विचारणा झाली तर माझं नाव सांगा, असं बजावलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण नव्या यादीने शिवारात शिव्या खाणार होता तोच. हंगाम माझ्या यादीवर गेला. त्या चारही वावरांचा ऊस तुरा यायच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत, गाळपाला पडला.

विचारणा झालीच. कंपनी मशीन परत न्यायची धमकी देत होती. मी म्हटलं, खुशाल न्या, जाताना कुलूप विसरू नका. संचालक माफी लिहून द्या म्हणाले, मी दिली नाही. हंगाम संपताच मला घरी बसवलं. कंपनीनेही आपलं सामान उचललं. ऐटीत राहायला आणि नोकरी जायला एकच गाठ पडली, असं घरातले चिडवायचे. मला मात्र ते लागायचं. पूर्णेत शिकवण्या घेत मी दिवस काढले आणि माझ्या प्रोग्रामचं तिकडे काय झालं असेल, या विचाराने कुढत राहिले.

पुढच्या हंगामात तो शेतकी विभागातला कारकून गाडीने पूर्णेला आला. हातात छापलेली तोडीची यादी. चहा ढवळता ढवळता म्हणाला, "बाई, तुमच्या प्रोग्राममदी मी हात घातलाय. रागवू नका."

मी यादी पाहिली. विहिरीच्या पाण्याचा एक नवा रकाना होता. औंदा पाणी लय आटलं होतं, म्हणून ज्यांच्या विहिरी आधी आटल्या त्यांची वावरं त्याने वर घेतली होती. हे मला सुचलं नव्हतं. कुणाला न विचारता, कुणाची परवानगी न घेता, माझ्या ओळींमध्ये त्याने आपल्या ओळी घुसवल्या होत्या आणि प्रोग्राम चालत होता.

मी त्याला म्हटलं, रागवू कशाला, तो आता तुमचाच आहे. त्या दिवशी नोकरी गेल्याचं मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही.