मी काढून टाकलेली ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तशी आमच्यात लपवाछपवी नसते – पण हे राहिलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर माझ्या कामाबद्दल आधी चांगलंच ऐकलं असतंत.

हो, चांगलंच. उगाच नम्रपणा कशाला? इकडे परदेशात, वॉन शहरातल्या गोदामांना सॉफ्टवेअर पुरवणारी आमची कंपनी, आणि तिथे सर्व्हर म्हटलं की माझंच नाव निघतं. एका सर्व्हरवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायली असतात. एकाची दुसऱ्याला दिसता कामा नये. त्यासाठीचा प्रोग्रॅम माझा. लिनक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं मूळ एकच असतं, त्याला रूट म्हणतात. चालत्या प्रोग्रॅमचं हे रूट बदलता येतं – बाबा रे, यापुढे हे एवढं फोल्डर म्हणजेच तुझं जग! त्याच्या वर काही आहे याचा त्याला पत्ताच लागत नाही. ऑफिसात त्याला सगळे ‘जेल’ म्हणायचे आणि मला जेलर. मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं.

हेमंतला कंपनीत मीच आणलं. पुण्याचा, हुशार, कॉन्ट्रॅक्टवर होता. बायको नुकतीच इकडे आलेली. मला ताई म्हणायचा. माझा कोड त्याने पोथी वाचावी तसा वाचला होता – आणि पोथीत कोणी चुका शोधतं का?

जुना सर्व्हर बदलायचा होता, ते काम मी त्याला दिलं. त्याने सगळं नव्या मशीनवर नेलं, आणि त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला दुसऱ्याच कंपनीच्या फायली दिसत होत्या.

सगळ्यांनी हेमंतकडे बघितलं. मीसुद्धा. हलवताना फोल्डरांच्या परमिशन्स – कोणाला काय उघडता येईल ते – चुकल्या असणार, दुसरं काय? माझं जेल तर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होतं. मीच तसं म्हणाले. तोवर मला ते खरंच वाटत होतं.

मग मी माझा कोड उघडला.

रूट बदललं म्हणून प्रोग्रॅम आपोआप आत जाऊन उभा राहत नाही. आत जा, असं त्याला वेगळं सांगावं लागतं – एक ओळ लागते. ती मी पूर्वी लिहिली होती. आणि मग एकदा साफसफाई करताना काढून टाकली होती. का? तर कोड आटोपशीर दिसावा म्हणून! जे दुसऱ्यांना पानभर लागतं ते माझं चार ओळींत होतं, असा माझा तोरा होता. जुन्या सर्व्हरवर प्रोग्रॅम एका रिकाम्या फोल्डरात सुरू व्हायचा, म्हणून चूक झाकली गेली. नव्या मशीनवर तो जिथे सुरू झाला, तिथे सगळ्यांची फोल्डरं शेजारीशेजारी होती. दाराला कुलूप होतं, पण ज्याला कोंडायचं तोच अंगणात उभा.

ओळ मी परत घातली – इतर किरकोळ बदलांच्या गर्दीत, कोणाच्या नजरेत भरू नये अशी. तपासून बघितलं. चोख. खरं सांगू? मला लाज नाही वाटली. इतक्या पटकन सापडलं, याचा अभिमानच वाटला.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, काय झालं होतं? मी म्हणाले, परमिशन्स. फिक्स केलंय.

हेमंत मान खाली घालून म्हणाला, “माझ्याकडूनच मिस झालं असणार, ताई. सॉरी.”

तेव्हा बोलायचं होतं. किती वेळ लागला असता? मी कॉफीचा कप तोंडाला लावला.

गिऱ्हाईक टिकवल्याबद्दल माझं कौतुक झालं, ते मी मिटक्या मारत ऐकलं. हेमंतचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तो मॉन्ट्रियलला गेला, फ्रेंच शिकला, तिथे बस्तान बसवलं. सणावाराला न चुकता फोन करतो. लोकांना सांगतो, मला सर्व्हर ताईंनी शिकवला. आणि ते खरंच आहे – मीच शिकवला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याच्या कंपनीने त्याला सर्व्हर टीमचा लीड व्हायला विचारलं होतं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

“नाहीच म्हणावं म्हणतोय, ताई,” तो म्हणाला. “बाकी काहीही द्या, पण रूटचं काम मी घेतच नाही. माझा हात चुकतो तिथे. तुम्ही तर बघितलंयत. तुम्हाला काय वाटतं?”

इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, त्याने मलाच विचारलं – याचं मला त्या क्षणीही बरं वाटलं. हे लिहितानाही लपवत नाही.

मी म्हणाले, “झेपेल तेवढंच घ्यावं, हेमंत.”

“थँक्यू ताई,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

तेव्हा मंगळवार होता. शुक्रवार होऊन गेला, आणि मी फोन केला नाही.