बाबांनी पाठ टेकलेला बाक

"ऊठ ये! तुझ्या बापाची बाज हाय का ही?"

साहेबांनी हातातली नकाशाची गुंडाळी बाबांच्या तळपायावर मारली. दोनदा. नुकत्याच जोडलेल्या लोखंडी बाकावर बाबा उताणे पडले होते. दचकून उठले. चप्पल शोधू लागले. मजूर हसले. मी चार पावलांवर टेप धरून उभी होते. त्या कामावरची सुपरवायझर मीच.

ते माझे वडील आहेत हे साहेबांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. कामावर मी त्यांना मिस्त्री म्हणायचे.

बाबा मूळचे देवणीकडचे. गावात बाजा विणायचे. बाज देण्याआधी स्वतः आडवं होऊन बघायचे. टोचेल तिथली दोरी पुन्हा ओढायचे. नांदेडला येऊन वेल्डिंग शिकले, सवय तीच राहिली. हा बाक दवाखान्यासमोरचा. धर्माबादहून, अर्धापूरहून आलेले पेशंटचे नातेवाईक तिथंच दिवस काढतात. बाबांना वाटलं, बाक त्यांच्यासाठी आहे.

"झोपून बघितलं साहेब. पाठीला लागत न्हाई."

"लागलं पाहिजे! मधी दोन दांडे मार. एक झोपला की सगळं गाव येऊन पडतंय. शहर हाय का धर्मशाळा?" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, ह्याला नकाशा समजावा. अडाणी हाय."

मी समजावला. "मिस्त्री, इथं एक. इथं एक."

माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "हाव मॅडम."

पुढच्या वर्षी आई त्याच दवाखान्यात होती. बाबा नऊ दिवस त्या दोन दांड्यांमध्ये बसून राहिले. पाय सुजले. घरी चला म्हटलं तर दांडा हलवून दाखवत म्हणाले, "पक्कं बसलंय बघ." आई बरी होऊन घरी आली. यंदा बाबा गेले. बाकानं मारलं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या कष्टाच्या पाठीला त्यांनीच केलेल्या बाकावर जागा नव्हती, आणि ती जागा कुठं अडवायची हे मी बोट ठेवून दाखवलं होतं.

विहारात बाबांचं पुण्यानुमोदन झालं. कामावर गेले. साहेबांनी नवा नकाशा पुढे सरकवला. पुलाखालचा ओटा. त्यावर टोकदार दगड, जवळजवळ रोवलेले.

"लई लोक पडून राहून राहिलेत तिथं. सही करा."

"तुम्ही ज्यांच्या पायावर गुंडाळी मारली होती ना, दवाखान्यासमोर, ते माझे वडील होते."

साहेबांनी क्षणभर आठवून बघितलं.

"कोण?"

मी पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. नोकरी गेली.

बाबांची लोखंड कापायची करवत माझ्याकडे आहे. पातं नवं आणलंय. बाकाच्या दांड्यांचं वेल्डिंग पक्कं आहे, वेळ लागेल. मी भर दुपारी जाणार, सगळ्यांसमोर. कोण म्हणून विचारलं तर बाबांचं नाव सांगणार, आडनावासकट. दोन्ही दांडे निघाले की आधी मी आडवी होऊन बघणार. टोचलं तर पुन्हा घासणार.