फळीवर घेतलेली परीक्षा

मोताळ्यातल्या माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये, लाकूड कोरणारा सीएनसी राउटर मी स्वतः बनवला. दाराची नक्षी संगणकावर कॅडमध्ये काढता येत होती. पण त्या नक्षीवरून कटरला वाट आखून देणारं कॅम सॉफ्टवेअर दोनपैकी कोणतं घ्यावं, हे ठरेना. दोन्ही काही दिवस फुकट वापरता येत होती. एकाचं स्क्रीनवरचं चित्र झकास, दुसरं अगदीच रुक्ष. मी झकासकडे झुकलो होतो.

शेजारचे सुतारचाचा माझी दारं घासून द्यायचे, शिवाय कपाशीही पेरायचे. ते म्हणाले, "पाकिटावरचं बोंड पाहून बीटी घेतली होती म्या. एका सालात अक्कल आली. आता नव्या वाणाच्या दोन ओळी लावून पाहतो, मंगच वावरभर. तू काऊन नाही करत?"

मग सागाच्या एकाच फळीवर, एकाच कटरने, तीच वेल दोन्ही सॉफ्टवेअर वापरून कोरली. चाचांनी डोळे मिटून बोट फिरवलं. झकास सॉफ्टवेअरच्या वेलीवर ते वळणावळणाला अडलं.

"हे घासायले मलेच बसा लागन," ते म्हणाले.

मी रुक्षच घेतलं. मला दारं विकायची होती, सिनेमा दाखवायचा नव्हता. आजही गिऱ्हाईक आलं की मी स्क्रीन लावत नाही. फळी पुढे करतो आणि सांगतो, डोळे मिटा.